स्टिरॉइड सुरू आहे आणि दूध चालत नाही: मालवणी ताटातून कॅल्शिअम कसं मिळवायचं?

संधिवात, दमा, ल्युपस, किडनीचा नेफ्रोटिक सिंड्रोम, त्वचेचे काही आजार, कुष्ठरोगातली रिअॅक्शन अशा अनेक आजारांत स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन् महिने घ्याव्या लागतात. गोळी लिहून देताना डॉक्टर सांगतात, "कॅल्शिअम भरपूर घ्या, दूध प्या." मालवण परिसरात यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "माका दूध चलना नाय." कुणाला दुधाने पोट फुगतं, कुणाला वास सहन होत नाही. कुणाच्या घरी रोज मासे असल्याने दूध लागतं ते फक्त चहापुरतं. मग पुढचं वाक्य येतं, "पण आम्ही मासे खातो ना, त्यात कॅल्शिअम असतंच की."

असतं, पण कोणत्या माशात आणि माशाच्या कोणत्या भागात, हे पाहावं लागतं. सुरमईची तुकडी खाऊन काटा बाजूला काढला, तर कॅल्शिअमही त्या काट्याबरोबर ताटाच्या कडेला जातं. दुधाशिवाय कॅल्शिअम मिळवणं शक्य आहे आणि त्यासाठी लागणारे बहुतेक पदार्थ आपल्या घरात किंवा परड्यात असतात. फक्त ते मोजून आणि रोज खायला हवेत. उरलेली तूट गोळीने भरून काढता येते. ते कसं करायचं, ते या लेखात पाहू.

हा लेख कोणासाठी आहे?

तुम्ही प्रौढ असाल आणि तोंडाने घ्यायचं स्टिरॉइड तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ चालू असेल किंवा चालणार असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही यातली नेहमीची नावं. गोळीवरचा आकडा लहान दिसला म्हणून औषध सौम्य असतं असं नाही. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे साधारण ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा ६ मिलिग्रॅम डेफ्लाझाकॉर्ट. डेक्सामेथासोनची तर ०.७५ मिलिग्रॅमची गोळीही तेवढंच काम करते.

दिवसाला २.५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन इतका कमी डोससुद्धा तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणार असेल, तर हाडांकडे लक्ष द्यावं, असं संधिवाततज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सर्दी-खोकल्यात किंवा अॅलर्जीत एखाद्या वेळी पाच-सात दिवस घेतलेल्या गोळ्यांनी इतकी काळजी करायची गरज नाही. दम्याच्या पंपातलं औषध बहुतांशी फुप्फुसातच काम करतं, त्यामुळे नेहमीच्या डोसमध्ये त्याचा हाडांवरचा परिणाम गोळ्यांपेक्षा खूप कमी असतो. त्या भीतीने पंप बंद करू नका.

किडनी निकामी होत असेल, वारंवार मुतखडा होत असेल किंवा रक्तातलं कॅल्शिअम आधीच जास्त असेल, तर इथले आकडे तुम्हाला लागू होतीलच असं नाही. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. लहान मुलांचं प्रमाणही वेगळं असतं.

स्टिरॉइड हाडांचं नेमकं काय करतं?

आपलं हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. जुनं हाड झिजवणाऱ्या पेशी आणि नवं हाड घालणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करत असतात. स्टिरॉइडमुळे नवं हाड घालणाऱ्या पेशी मंदावतात आणि कमी होतात. सुरुवातीच्या काळात झीज करणाऱ्या पेशींचा जोरही वाढतो. त्याच वेळी आतड्यातून कॅल्शिअम कमी शोषलं जातं आणि लघवीवाटे जास्त बाहेर जातं. थोडक्यात, आवक कमी आणि जावक जास्त अशी स्थिती होते.

यात वेळ महत्त्वाची आहे. हाडांची सर्वांत वेगाने होणारी झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतली असते. म्हणून "आधी सांध्यांची सूज उतरू दे, हाडांचं मग बघू" असं म्हणून चालत नाही. गोळी सुरू झाली की त्याच आठवड्यात कॅल्शिअम आणि डी जीवनसत्त्वाचा विचार सुरू व्हायला हवा.

झीज आधी होते ती जाळीदार हाडांची, म्हणजे पाठीचे मणके आणि बरगड्या यांची. मणका दबला तरी काही वेळा फारसं दुखत नाही. उंची कमी होते, पाठीला बाक येतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. प्रत्यक्षात तो मणक्याचा फ्रॅक्चर असू शकतो.

दिवसाला किती कॅल्शिअम हवं?

दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीला दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शिअम लागतं. हा आकडा जेवण आणि गोळ्या मिळून आहे. जेवणातून ६०० मिळत असेल, तर गोळीतून ५०० पुरे. जेवणाचा हिशोब न करता सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेत राहण्याचा उपयोग नाही, आणि गोळी चालू आहे म्हणून जेवणाकडे दुर्लक्ष करणंही बरोबर नाही.

आधी ठरवा: दूध "चालत नाही" म्हणजे काय?

याचे तीन वेगळे अर्थ असू शकतात.

पहिला, दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणं. दूध प्यायल्यावर गुडगुडणं, गॅस, जुलाब ही त्याची लक्षणं. आपल्याकडे हे मोठ्या वयात खूप आढळतं. अशा अनेकांना थोडं दही किंवा ताक जेवणासोबत चालतं, कारण विरजताना लॅक्टोज कमी होतं. अर्धी वाटी दही घेऊन पाहायला हरकत नाही.

दुसरा, दुधाच्या प्रथिनांची खरी अॅलर्जी. दूध किंवा दुधाच्या पदार्थाने अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा दम लागत असेल, तर दही, ताक, पनीर, खवा, सगळंच बंद. तिथे "थोडं घेऊन बघा" असा प्रयोग घरी करू नये.

तिसरा, नको असणं. चव आवडत नाही, प्राणिजन्य पदार्थ खायचे नाहीत, किंवा मासे आणि दूध एकत्र घेतल्याने कोड येतं अशी धास्ती. माशांवर दूध घेतल्याने कोड येतं याला वैद्यकीय आधार नाही. पण मन घेत नसेल तर जबरदस्ती करायचं कारण नाही. कॅल्शिअमचे दुसरे मार्ग आहेत.

नेहमीच्या ताटात काय कमी पडतं?

भात, माशाचं सार, एखादी तळलेली तुकडी, सोलकढी, रात्री पुन्हा भात किंवा चपाती. हे जेवण चविष्ट आहे, त्यात प्रथिनंही चांगली आहेत. पण भातात कॅल्शिअम जवळजवळ नाहीच. १०० ग्रॅम तांदळात १० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. सुरमई, पापलेट, मोठा बांगडा यांच्या मांसात थोडंसंच असतं, कारण माशाचं कॅल्शिअम मुख्यतः काट्यात असतं.

सर्वांत मोठा गैरसमज नारळाच्या दुधाबद्दल आहे. "दूध" हे नाव आणि पांढरा रंग सोडला, तर गाईच्या दुधाशी त्याचं काही साम्य नाही. गाई-म्हशीच्या एका कपात साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅल्शिअम असतं, तर नारळाच्या रसात नगण्य. सोलकढी जरूर प्या, पण ती कॅल्शिअमच्या हिशोबात धरू नका. घरी वाटून केलेल्या बदामाच्या दुधाचंही तसंच. बाजारात मिळणाऱ्या सोया दुधात कॅल्शिअम वरून घातलेलं असेल तरच त्याचा उपयोग, म्हणून पाकिटावर ते लिहिलेलं आहे का ते पाहा.

अशा नेहमीच्या ताटातून दिवसाला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅमच कॅल्शिअम मिळतं. उरलेलं ७००-८०० आणायचं कुठून, ते पाहू.

१. नाचणी

धान्यांमध्ये कॅल्शिअमसाठी नाचणीला तोड नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं. ६० ग्रॅम पिठाच्या एका मोठ्या भाकरीत २०० मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. म्हणजे दिवसातला एक भात काढून त्या जागी नाचण्याची भाकरी आली, तर सर्वांत मोठी भर तिथेच पडते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून केलेलं सत्त्व पचायला हलकं असतं, पण नाचणीतलं बरंचसं कॅल्शिअम दाण्याच्या सालीजवळ असतं आणि ते चोथ्यात निघून जातं. त्यामुळे अख्ख्या पिठाची भाकरी, आंबोळी किंवा आंबील जास्त उपयोगाची. नाचणी भिजवून मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्याने कॅल्शिअम अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं आणि शोषण सुधारतं. दुसरं, स्टिरॉइडमुळे रक्तातली साखर वाढते. तेव्हा गूळ घातलेल्या गोड आंबिलीपेक्षा मीठ बेताचं घातलेली आंबील किंवा भाकरी बरी.

२. पालेभाज्या, पण सगळ्या सारख्या नाहीत

शेवग्याचा पाला ही परड्यातली सर्वांत स्वस्त कॅल्शिअमची सोय आहे. १०० ग्रॅम पाल्यात ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शिअम असतं. गोकुळाष्टमीला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासोबत आपल्याकडे शेगलाची भाजी होते. ती वर्षातून एकदाच न करता आठवड्यातून तीन-चार वेळा करा. एका माणसाला ५० ग्रॅम, म्हणजे निवडलेला सुमारे दोन मुठी पाला, धरला तर १५० मिलिग्रॅम मिळतात. मेथी आणि मुळ्याचा पालाही चांगला. पावसाळ्याच्या सुरुवातीला मिळणारा कोवळा टाकळाही कॅल्शिअमच्या दृष्टीने उत्तम.

पालक, लाल माठ आणि अळू यांची गोष्ट वेगळी. त्यांत कॅल्शिअम असतं, पण ऑक्झलेटही खूप असतं आणि ते कॅल्शिअमला घट्ट धरून ठेवतं. पालकातल्या कॅल्शिअमपैकी जेमतेम ५ टक्के शरीराला मिळतं, दुधातलं सुमारे ३० टक्के मिळतं. या भाज्या इतर पोषणासाठी खा, पण कॅल्शिअमच्या हिशोबात धरू नका. मुतखड्याचा त्रास असेल तर त्या बेतानेच खा.

रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगा.

३. कुळीथ आणि कडधान्यं

१०० ग्रॅम कुळथात सुमारे २७० मिलिग्रॅम कॅल्शिअम असतं. एका माणसाच्या पिठीला २५ ग्रॅम पीठ लागतं असं धरलं, तर ६५ मिलिग्रॅमच्या आसपास मिळतात. आकडा लहान वाटेल, पण पिठी आठवड्यातून अनेकदा होते आणि मोड आलेल्या कुळथाची उसळही करता येते. मटकी आणि हरभरे यांत १०० ग्रॅमला १५० च्या आसपास असतं. कडधान्यं भिजवून, मोड आणून शिजवली की फायदा वाढतो.

४. तीळ

१०० ग्रॅम पांढऱ्या तिळात १२०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शिअम असतं. रोज दोन लहान चमचे, म्हणजे १० ग्रॅम तीळ भाजून, कुटून घेतले तर सव्वाशेच्या आसपास मिळतात. त्यातही ऑक्झलेट आणि फायटेट आहेच, त्यामुळे सगळं शोषलं जात नाही. तरी इतक्या कमी जागेत इतकं देणारे पदार्थ थोडे आहेत. अख्खे तीळ न चावता गिळले तर तसेच बाहेर पडतात, म्हणून कुटायचे. तिळाचे लाडू रोज खाण्यापेक्षा कमी मिठाची सुकी चटणी करून भाकरीला लावा.

५. काट्यासह खाता येणारे लहान मासे

इथे आपल्या किनाऱ्याचा खरा फायदा आहे. पेडवे, तारली, मांदेली यांसारखे लहान मासे काट्यासकट खाता येतात. काट्यासह खाल्लेल्या ५० ग्रॅम माशांतून साधारण १५० मिलिग्रॅम कॅल्शिअम मिळू शकतं. शिवाय तारली आणि बांगड्यासारख्या तेलकट माशांत डी जीवनसत्त्वही असतं, जे शाकाहारी जेवणात जवळजवळ मिळत नाही. हे मासे सुरमईपेक्षा स्वस्तही असतात.

कोकम आणि तिरफळ घालून मंद आचेवर शिजवलेल्या पेडव्यांचे काटे मऊ होतात. कुकरमध्ये शिजवले तर आणखी मऊ. नीट चावून खा. गिळायला त्रास होणाऱ्या, दात नसलेल्या किंवा अर्धांगवायू झालेल्या माणसाला काट्याचे मासे देऊ नका. बांगड्याचा मधला काटा चावून खायचा अट्टहासही नको.

सुक्या मासळीचं काय?

सुका जवळा, म्हणजे आपला गोलमो, सालीसकट खाल्ला जातो. १० ग्रॅम जवळ्यातून १०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शिअम मिळतं. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि ताजी मासळी कमी मिळते, तेव्हा सुकी मासळीच घरोघरी असते. मग रोज किसमूर करावी का?

इथे अडचण मिठाची आहे. स्टिरॉइडमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठतं, रक्तदाब वाढतो, चेहरा आणि पाय सुजतात. शिवाय जास्त मिठामुळे लघवीतून कॅल्शिअमही जास्त जातं. म्हणजे खारवलेल्या माशातून मिळालेलं कॅल्शिअम काही अंशी मिठापायी परत जातं.

मीठ न लावता उन्हात वाळवलेला जवळा त्यातल्या त्यात बरा. तो घेताना चव घेऊन पाहा. खारवलेला बांगडा किंवा इतर खारी मासळी गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, ते पाणी फेका, पुन्हा एकदा धुवा आणि सारात वेगळं मीठ घालू नका. आंबटपणा कोकमाने आणा. आठवड्यातून एक-दोन वेळा, थोड्या प्रमाणात पुरे. रक्तदाब जास्त असेल, हृदय किंवा किडनीचा आजार असेल, अंगावर सूज असेल, तर खारी मासळी, लोणचं आणि पापड टाळलेलेच बरे. दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी हवं.

एका दिवसाचा हिशोब

आकडे अंदाजे आहेत.

- सकाळी नाचणीची एक मोठी भाकरी (६० ग्रॅम पीठ): २१० मिलिग्रॅम
- तिळाची चटणी, दोन लहान चमचे तीळ: १२५
- दुपारी पेडव्यांचं सार, काट्यासह ५० ग्रॅम मासे: १५०
- शेवग्याच्या पाल्याची भाजी (५० ग्रॅम पाला): १५०
- रात्री कुळथाची पिठी: ६५
- बाकी भात, भाज्या, चपाती, फळं: १००

एकूण सुमारे ८००. सगळे दिवस असे जात नाहीत. एखाद्या दिवशी पाला मिळत नाही, एखाद्या दिवशी मासे नसतात. म्हणून सरासरी ५०० ते ७०० धरा. त्यावर रोजची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली की गरज भागते. दुधाचा थेंबही न घेता हे जमतं.

श्रावणात, सोमवारी-गुरुवारी किंवा मार्गशीर्षात मासे बंद असतात, तेव्हा माशांचे १५० कमी होतात. त्या दिवशी भाकरी एकाऐवजी दोन करा किंवा मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ वाढवा. उपासाला साबुदाण्यापेक्षा राजगिरा चांगला. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शिअम असतं, साबुदाण्यात अगदी कमी.

गोळी घेताना

पट्टीवर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. १२५० मिलिग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट म्हणजे प्रत्यक्षात ५०० मिलिग्रॅम कॅल्शिअम. कॅल्शिअम सायट्रेट असेल तर १००० मिलिग्रॅमच्या गोळीत जेमतेम २१० कॅल्शिअम असतं. हिशोब नेहमी प्रत्यक्ष कॅल्शिअमचा करायचा, त्याला पट्टीवर "एलिमेंटल" असं म्हटलेलं असतं. काही गोळ्यांतलं कॅल्शिअम कालवांच्या शिंपल्यांपासून केलेलं असतं. शुद्ध शाकाहारी असाल तर दुकानदाराला विचारा.

कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्या, कारण ती शोषायला पोटातलं आम्ल लागतं. स्टिरॉइडबरोबर अनेकांना पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी दिलेली असते. ती दीर्घकाळ चालणार असेल तर सायट्रेट जास्त सोयीचं पडतं, ते रिकाम्या पोटीही चालतं. कोणतं घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शिअम घेऊ नका. जास्त घेतलं तर शोषणाचं प्रमाण घटतं. दोन गोळ्या सांगितल्या असतील तर दुपारी एक, रात्री एक.

स्टिरॉइड सकाळी नाश्त्यानंतर आणि कॅल्शिअम दुपारच्या जेवणासोबत, अशी सवय ठेवा. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शिअम यांत चार तासांचं अंतर हवं. लोहाची गोळी आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक्सही कॅल्शिअमबरोबर एकाच वेळी घेऊ नका.

जास्त घेतलं तर जास्त फायदा, असं नाही. गरजेपेक्षा खूप कॅल्शिअमने बद्धकोष्ठता आणि मुतखड्याची शक्यता वाढते.

डी जीवनसत्त्वाशिवाय हिशोब अपुरा

खाल्लेलं कॅल्शिअम आतड्यातून रक्तात यायला डी जीवनसत्त्व लागतं. स्टिरॉइड घेणाऱ्यांना दिवसाला साधारण ६०० ते ८०० युनिट लागतात. कमतरता असेल तर डॉक्टर काही आठवडे ६०,००० युनिटची आठवड्याची मात्रा देतात. ती "आठवड्यातून एकदा" आहे, रोज नाही. आणि सांगितलेले आठवडे संपले की स्वतःहून पुढे चालू ठेवायची नाही. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि अतिरेक झाला तर रक्तातलं कॅल्शिअम वाढून मळमळ, गळल्यासारखं वाटणं आणि किडनीला त्रास होऊ शकतो.

किनाऱ्यावर ऊन भरपूर आहे, मग कमतरता कशी, असं अनेक जण विचारतात. जो दिवसभर घरात, दुकानात किंवा ऑफिसात असतो, त्याच्या अंगावर ऊन पडतच नाही. एक सावधगिरी मात्र महत्त्वाची: ल्युपस असेल तर ऊन आजार भडकवतं. अशा रुग्णांनी "डी जीवनसत्त्वासाठी उन्हात बसा" हा सल्ला पाळू नये, गोळीवरच भर द्यावा.

फक्त कॅल्शिअमने काम होतं का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. कॅल्शिअम आणि डी जीवनसत्त्व हा पाया आहे. चाळिशी उलटलेल्या, पाळी गेलेल्या, आधी फ्रॅक्चर झालेल्या किंवा जास्त डोस घेणाऱ्या अनेकांना हाडांची झीज रोखणारं वेगळं औषध लागतं. आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेन्ड्रोनेटची गोळी हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ती उठल्यावर रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. त्या अर्ध्या तासात चहा, कॅल्शिअम, काहीच नको.

हाडांची घनता डेक्सा स्कॅनने कळते. तो सहसा मोठ्या शहरात होतो. इतर उपचारांसाठी कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला जाणार असाल, तर त्याच फेरीत हा स्कॅन करता येईल का ते विचारून ठेवा. घरच्या घरी करण्याजोगी तपासणी म्हणजे उंची. दर सहा महिन्यांनी भिंतीला टेकून उंची मोजा आणि लिहून ठेवा.

चालणंही औषधासारखंच काम करतं. हाडावर भार पडला तरच ते टिकतं, आणि स्टिरॉइडने मांड्यांचे स्नायू अशक्त होतात तेही चालण्याने सावरतात. सांधे परवानगी देतील तसं रोज अर्धा तास चाला. पण पडू नका. पावसाळ्यात चिऱ्याच्या अंगणावर आणि विहिरीजवळ शेवाळ धरतं, ते घासून काढा. रात्री बाहेर जाताना हातात विजेरी ठेवा. ठिसूळ हाडाला एक घसरणं पुरतं. तंबाखू, मशेरी, बिडी आणि दारू, चारही सोडणं हाडांच्या हिताचं.

या तीन गोष्टी करू नका

*चुना खाऊ नका.* "रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा, कॅल्शिअम मिळेल" असे संदेश मोबाइलवर फिरतात. चुना दाहक आहे, तोंड आणि अन्ननलिका भाजू शकतो, आणि किती पोटात गेला याचं माप राहत नाही. स्टिरॉइडने आधीच पित्त वाढलेलं असताना हा प्रयोग धोक्याचा आहे.

*नाव नसलेल्या पुड्या घेऊ नका.* गुडघेदुखीवर "जादूसारख्या" लागू पडणाऱ्या, घटक न लिहिलेल्या पुड्यांमध्ये आणि गोळ्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं आढळतं. आठ दिवसांत सगळं दुखणं गेलं, भूक वाढली, चेहरा गोल झाला, तर शंका घ्या. तुम्ही स्टिरॉइड घेत आहात हे तुम्हाला माहीतही नसेल. अशी पुडी महिनोन् महिने घेतली असेल, तर तीही अचानक बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

*स्टिरॉइड अचानक बंद करू नका.* हे सर्वांत महत्त्वाचं. काही आठवडे बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार करणं मंदावतं. गोळी एकदम थांबवली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब घसरणं, प्रसंगी जिवावरचं संकट येऊ शकतं. हा लेख वाचून हाडांची भीती वाटली, तर डॉक्टरांशी बोला. डोस कमी करायचा असेल तर तो ते टप्प्याटप्प्याने करतील.

केव्हा लगेच डॉक्टरांकडे जायचं?

- पाठीत अचानक जोराची कळ आली, विशेषतः वाकताना किंवा जड उचलताना
- उंची दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त कमी झाली, किंवा पाठीला बाक येऊ लागला
- जांघेत किंवा खुब्यात दुखू लागलं आणि पाय टाकताना वाढलं (स्टिरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो)
- साध्या घसरण्याने मनगट, बरगडी किंवा खुबा दुखावला
- हातापायांना आणि तोंडाभोवती मुंग्या, स्नायूंत पेटके
- गोळ्या सुरू केल्यावर सतत मळमळ, खूप तहान, कमरेत कळ

पुढच्या भेटीला काय घेऊन जायचं?

एका कागदावर चार गोष्टी लिहा. स्टिरॉइडचं नाव, डोस आणि किती महिने चालू आहे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक औषधांसह. गेल्या तीन दिवसांत काय खाल्लं, त्यात नाचणी, पाला, तीळ, लहान मासे किती. आणि आधी कधी हाड मोडलं होतं का, घरात आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का. या चार ओळींवरून गोळी किती, डी जीवनसत्त्व किती, स्कॅन लागेल का आणि हाडांचं वेगळं औषध हवं का, हे डॉक्टरांना ठरवता येतं.

तोवर उद्यापासून दोन गोष्टी सुरू करा: एका वेळचा भात काढून नाचण्याची भाकरी आणि बाजारात सुरमईऐवजी आठवड्यातून तीनदा पेडवे. स्टिरॉइडच्या पहिल्या सहा महिन्यांत एवढा बदलही मोलाचा ठरतो.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमचा आजार, डोस आणि इतर औषधं लक्षात घेऊन तुमच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला हाच अंतिम समजावा.*